बोर्डी ते कोसबाड : अनुताईंची वाट

मैत्रिणींनो, आमची झाई अगदी गुजरातच्या हद्दीला टेकलेली. पाहुणे आले की काय दाखवायचं ते ठरलेलं असतं. बोर्डीचा समुद्र, घोलवडच्या चिकूवाड्या, पारशांनी आपला पवित्र अग्नी जपला त्या बहरोटच्या गुहा. मी मात्र बायकांना आग्रहाने कोसबाडची टेकडी बघायला सांगते. बोर्डीहून त्या टेकडीकडे जाणारी वाट माझ्या लेखी अनुताई वाघांची आहे.

अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य चुलीपाशीच संपायचं. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. आधी चांदवड तालुक्यात, मग पुण्याच्या हुजूरपागेत. दिवसा नोकरी आणि रात्रशाळा करून १९३७ साली मॅट्रिक झाल्या.

१९४५ साली ताराबाई मोडकांची गाठ पडली आणि पुण्यातली चांगली नोकरी सोडून अनुताई बोर्डीला आल्या. बालवाडी निघाली, पण पाड्यांवरची आदिवासी मुलं येईनात. येणार तरी कशी? धाकटं भावंडं कोण सांभाळणार, गुरं कोण राखणार? मग या दोघींनी शाळाच पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, त्यांना स्वच्छ करायचं, मग गाणी, गोष्टी. विकतची खेळणी कुठली? शिंपले, बिया, पानं, खडे. अंगणात भरते ती अंगणवाडी! १९७५ पासून सरकारी योजनेमुळे हे नाव देशभर गेलं.

१९५७ साली काम कोसबाडला हललं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचं नाव विकासवाडी. ताईने बाळाला पाळणाघरात ठेवायचं आणि आपण वर्गात बसायचं. मला तर हीच युक्ती सगळ्यात मोठी वाटते. घर चालवणाऱ्या बाईला ती चटकन कळते. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळा पुन्हा मुलांच्याच मागे.

या धबडग्यात १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी अनुताई बी.ए. झाल्या. मी झाले विसाव्या वर्षी, तेही आयतं ताट वाढलेलं असताना!

१९७३ साली ताराबाई गेल्या. पुढचा गाडा अनुताईंनी ओढला. त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ च्या सप्टेंबरात त्या गेल्या. आपल्या आत्मकथेला त्यांनी नाव दिलं होतं, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’.