जोतीरावांनी मागितलेला हिशोब



पुण्यात बुधवार पेठेत भिडे वाडा होता. तिथं १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. जुना वाडा २०२३ साली पाडला, कारण तिथं स्मारक व्हायचं आहे. शाळेची गोष्ट आपण दरवर्षी भाषणात ऐकतो. मी आज जोतीरावांची दुसरी गोष्ट लिहितो. ती पैशाच्या हिशोबाची आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. ते लहान असतानाच आई वारली. वडील गोविंदराव यांचा फुलांचा धंदा होता. लोकांचं ऐकून वडिलांनी त्यांना शाळेतून काढलं. पण काही वर्षांनी ते पुन्हा शाळेत गेले. मोठेपणी त्यांनी बांधकामाची कंत्राटं घेतली. त्यामुळं रुपयात किती काम होतं हे त्यांना पक्कं ठाऊक असणार, असं मला वाटतं.

त्या काळी सरकार शेतसाऱ्याच्या दर रुपयामागं एक आणा जादा घेई. रुपयाचे आणे सोळा. म्हणजे सारा दहा रुपये असला, तर वर दहा आणे. याला लोकल फंड म्हणत. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी आणि बाकीचा रस्ते, विहिरी यांसाठी असे. पैसा शेतकऱ्याचा, पण खर्च ठरवणार कलेक्टरसाहेब आणि त्यांची कमिटी. गावाला कोण विचारतो?

१८८२ साली सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमलं. जोतीरावांनी त्याला लेखी निवेदन दिलं. शिक्षणासाठी घेतलेला पैसा त्या कामी लागत नाही, दहातल्या नऊ गावांत शाळेची सोय नाही आणि सुमारे दहा लाख मुलं शाळेवाचून आहेत, असं त्यांनी मांडलं. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, शेतकऱ्यांच्या घरांतून शिक्षक तयार करा, मुलांना हिशोब आणि शेतीही शिकवा, असं त्यांनी सुचवलं.

१८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून शहराच्या सजावटीला एक हजार रुपये खर्चायचं ठरलं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा असं जोतीरावांचं म्हणणं. विरोधात ते एकटेच होते. तरी डगमगले नाहीत.

पुढं १८८४ च्या कायद्यानं जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. आपली शाळा जिल्हा परिषदेचीच आहे. शेतसाऱ्यावर जिल्हा परिषदेचा उपकर आजही असतो.

आता गावच्या कामांचा आराखडा ग्रामसभेपुढं ठेवतात. तिथं आपण विचारू शकतो. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की ग्रामसभेला जरूर जा. आईनं पण जावं. शाळेच्या खोल्या, पिण्याचं पाणी, रस्ता यांना किती पैसे ठेवले आणि किती खर्च झाले, ते विचारा. आपल्या पैशाचा हिशोब विचारण्यात लाज कसली? जोतीराव तर एकटे असतानाही विचारत होते.