आल्फ्रेड रसेल वॉलेस

रात्रीच्या आकाशात तांबूस रंगाचा मंगळ ग्रह चमकताना आपण पाहतो. तेथे कोणी राहत असेल का? असेल तर ते आपल्यासारखेच दिसत असतील का? असे प्रश्न आपल्या मनात येतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या प्रश्नांचा शास्त्रीय दृष्टीने विचार करणारे एक थोर निसर्गशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस.

वॉलेस यांचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्यांना लहानपणीच शाळा सोडावी लागली. ते मोठ्या भावाबरोबर जमीन मोजण्याचे काम करू लागले. रानावनांत हिंडताना त्यांना वनस्पती व कीटक गोळा करण्याचा छंद लागला. १८४८ साली ते दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात गेले. पक्षी, फुलपाखरे व कीटक जमवायचे, ते विकायचे आणि त्या पैशांवर पुढचा प्रवास करायचा, असा त्यांचा क्रम होता. १८५२ साली परत येताना भर समुद्रात जहाजाला आग लागली. मोठ्या कष्टाने जमवलेला संग्रह डोळ्यांदेखत जळून गेला. दहा दिवस ते छोट्या नावेत लाटांवर हेलकावे खात होते. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. १८५४ साली ते पुन्हा दूरच्या प्रवासाला निघाले. या वेळी ते मलय द्वीपसमूहात, म्हणजे आजच्या मलेशिया व इंडोनेशियाच्या प्रदेशात गेले.

तेथे ते आठ वर्षे राहिले. त्यांनी प्राणी, पक्षी व कीटकांचे १,२५,००० हून अधिक नमुने जमवले. सारवाक येथे अली नावाचा एक मलय मुलगा त्यांच्याकडे कामाला लागला. पक्षी टिपण्यात आणि त्यांची कातडी जपून ठेवण्यात तो लवकरच तरबेज झाला. १८५८ साली बाचान बेटावर अलीने एक अनोखा स्वर्गपक्षी आणून दिला. त्या पक्ष्याला पुढे वॉलेस यांचे नाव मिळाले. पण तो प्रथम अलीच्या हाती लागला होता.

सारवाकमध्ये वॉलेस यांनी ओरांगउटानांचीही शिकार केली. अशाच एका मादीचे तान्हे पिल्लू मागे राहिले. वॉलेस यांनी ते घरी आणले. दूध मिळेना, म्हणून ते त्याला भाताची पेज पाजत. ते पिल्लू माणसाच्या बाळासारखे रडे आणि हाताला येईल ते घट्ट पकडून ठेवी. सुमारे तीन महिन्यांनी ते आजारी पडून मेले. वॉलेस यांना फार वाईट वाटले.

१८५८ साली तापाने अंथरुणावर पडले असताना त्यांना एक मोठा विचार सुचला. परिस्थितीशी जुळवून घेणारे प्राणी टिकतात, बाकीचे नष्ट होतात आणि यातूनच हळूहळू नव्या जाती निर्माण होतात, असा तो विचार होता. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. त्यांनी तो लिहून चार्ल्स डार्विन यांना पाठवला. डार्विन यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला होता. १ जुलै १८५८ रोजी लंडनमध्ये दोघांचे लेख एकत्र वाचले गेले. पुढे डार्विन यांचे नाव जास्त गाजले, पण वॉलेस यांनी कधी मत्सर केला नाही.

त्या काळी अनेक युरोपीय लोक जंगलात राहणाऱ्या माणसांना कमी बुद्धीचे समजत. वॉलेस मात्र अशा लोकांमध्ये राहिले होते. कवट्यांची मापे पाहून त्यांनी १८६९ साली लिहिले, की या लोकांचा मेंदू युरोपीय लोकांच्या मेंदूएवढाच जवळजवळ मोठा आहे. मग साध्या जीवनासाठी इतका मोठा मेंदू कशाला? यामागे एखादी उच्च शक्ती असावी, असे त्यांना वाटले. डार्विन यांना हे पटले नाही, तरी दोघांची मैत्री टिकली. आज शास्त्रज्ञ सांगतात, की हत्यारे बनवणे, बोलणे आणि समूहाने राहणे यांसाठीही मोठी बुद्धी लागते. शिवाय केवळ आकारावरून बुद्धी ठरत नाही. हत्तीचा मेंदू आपल्या मेंदूच्या तिपटीहून जड असतो.

म्हातारपणी वॉलेस यांनी मंगळाचा अभ्यास केला. मंगळावर बुद्धिमान प्राण्यांनी कालवे खोदले आहेत, असे पर्सिव्हल लोवेल हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सांगत होते. वॉलेस यांनी १९०७ साली पुस्तक लिहून ते खोडून काढले. मंगळावर कडाक्याची थंडी आहे आणि हवा फार विरळ आहे, असे त्यांनी दाखवले. १९६५ साली मरिनर ४ या यानाने जवळून छायाचित्रे घेतली. त्यांत कालवे नव्हतेच.

दुसऱ्या ग्रहावर माणूस निर्माण होईल का, याचेही उत्तर त्यांनी १९०४ साली दिले होते. दोन पायांवर चालणे, मोकळे हात, मोठा मेंदू असे असंख्य बदल एकामागून एक घडले, तेव्हा माणूस झाला. ही साखळी दुसरीकडे जशीच्या तशी घडणे जवळजवळ अशक्य आहे, असे ते म्हणत. म्हणून चित्रपटांतील परग्रहवासी दोन हात-दोन पायांचे असले, तरी खरे तसे असतीलच असे नाही. आपल्याच समुद्रातील ऑक्टोपस पाहा. त्याला आठ बाहू असतात आणि त्याच्या बऱ्याचशा मज्जापेशी त्या बाहूंतच असतात. तरी तो हुशार प्राणी आहे.

७ नोव्हेंबर १९१३ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, वॉलेस यांचे निधन झाले. परग्रहांवर जीव आहेत की नाहीत, हे अजून कळलेले नाही. पण माणसासारखा प्राणी पुन्हा कोठे घडणे कठीण असेल, तर या पृथ्वीवरील प्रत्येक माणूस किती मोलाचा आहे! मग तो शहरात राहो की जंगलात.