फॅराडेंची कडी आणि मांडवातला शॉक

गणेशोत्सवात मंडई परिसरातले मांडव, कमानी आणि रस्त्याकडेचे स्टॉल तात्पुरत्या वीजजोडणीवर उजळतात. पावसाने भिजलेला लोखंडी खांब आणि कुठेतरी सोललेली वायर, एवढे अपघाताला पुरते. अशा वेळी जीव वाचवणाऱ्या छोट्या उपकरणाचे मूळ एका लोहाराच्या मुलापाशी सापडते.

मायकेल फॅराडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये झाला. घरची गरिबी, शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी ते लंडनमधील पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले. बांधायला आलेली पुस्तके वाचूनच त्यांना विजेचे वेड लागले. १८१२ मध्ये त्यांनी हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली आणि स्वतःची टिपणे नीट बांधून त्यांनाच पाठवली. पुढच्याच वर्षी डेव्हींच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते मदतनीस झाले.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कडीवर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्याला लावलेला काटा हलला. चुंबकत्व बदलले की वीज निर्माण होते, हे सिद्ध झाले. १८३८ मध्ये त्यांनी विजेच्या माशाचे धक्के स्वतःच्या हातांवर अनुभवले. एक हात डोक्यापाशी आणि दुसरा शेपटीपाशी ठेवल्यावर धक्का सर्वांत जोरदार बसे. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रवाह छातीतून, हृदयाजवळून जातो. म्हणूनच तो घातक ठरतो.

फॅराडे यांनी सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. कडी मात्र आजही आपल्या स्विचबोर्डात आहे.

आरसीसीबी या उपकरणात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका कडीतून जातात. गेलेली वीज तितकीच परतली, तर चुंबकत्व शून्य राहते. थोडी वीज माणसाच्या अंगातून जमिनीत गेली की हिशेब चुकतो, कडीवरच्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि सेकंदाच्या अंशात पुरवठा तुटतो. साधा एमसीबी इथे उपयोगी नाही. तो ६ अँपिअरचा असला, तरी त्याच्या कितीतरी पट कमी प्रवाह जीव घेऊ शकतो. अमेरिकेतील चार्ल्स डालझिएल यांच्या चाचण्यांत पुरुषांना सरासरी १६ मिलिअँपिअरच्या पुढे पकडलेली तार सोडता येत नव्हती, स्त्रियांना त्याहूनही कमी प्रवाहाला.

म्हणून तात्पुरत्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा, त्याचे टेस्ट बटण दाबून पाहावे आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्यावे. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी हात लागला, तर हे उपकरणही वाचवेलच असे नाही. कुणाला शॉक बसला, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा, मग १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहावी.