संत जॉन बॉस्को : मुलांचा मित्र



३१ जानेवारीला आपण संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करतो. माटुंग्याच्या शाळेमुळे त्यांचे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले आहे. मुलांनी एकमेकांशी आणि मोठ्यांनी मुलांशी आदराने कसे वागावे, हे शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले. पण हा धडा त्यांना स्वतःलाही सोपा गेला नव्हता, हे आपण सहसा सांगत नाही.

इटलीतील तुरीन शहराजवळच्या बेक्की ह्या वाडीत १८१५ साली एका गरीब शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे नाहीत तोच वडील वारले. सावत्र भाऊ आंतोनियो ह्याला धाकट्याने पुस्तक हातात घेतलेले खपत नसे. भांडणे इतकी वाढली की आई मार्गारेटने काळजावर दगड ठेवून जॉनला दुसऱ्यांच्या शेतावर कामाला पाठवले. नवव्या वर्षाच्या सुमारास त्यांना एक स्वप्न पडले होते. शिवीगाळ करणारी मुले दिसली आणि जॉन मुठी आवळून त्यांच्यावर धावून गेले. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्यांना थांबवले व ह्या मुलांना माराने नव्हे, तर सौम्यपणाने जिंकायचे आहे असे सांगितले.

स्वप्नाने स्वभाव एका रात्रीत बदलला असे मात्र नाही. किएरी येथे शिकत असताना लुईजी कोमोल्लो हा शांत मुलगा त्यांचा जिवलग मित्र झाला. एकदा काही दांडगट पोरे कोमोल्लोला मारू लागली. जॉनचा संताप अनावर झाला. हाताशी काठी नव्हती, म्हणून त्यांनी एका मुलालाच खांद्यांना धरून उचलले आणि त्याचाच सोटा करून बाकीच्यांना झोडपले! नंतर कोमोल्लोनेच त्यांना समजावले की, देवाने ही ताकद दुसऱ्यांना इजा करायला दिलेली नाही. ही हकीगत त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. संताने आपला राग लपवला नाही, ह्याचे आम्हाला विशेष वाटते.

१८४१ साली गुरुदीक्षा झाल्यावर ते तुरीनमध्ये फादर काफास्सो ह्यांच्याबरोबर तुरुंगात जाऊ लागले. सुटलेली मुले पुन्हा तिथेच येत, कारण बाहेर त्यांना आपले म्हणणारे कुणी नसे. १८४६ साली वाल्दोक्को भागातील एका शेडमध्ये त्यांनी ह्या मुलांना हक्काची जागा दिली. त्याच वर्षी मार्गारेटबाई गाव सोडून मुलाच्या मदतीला आल्या आणि शेकडो पोरांची आई झाल्या.

बाहेर कामाला जाणाऱ्या मुलांसाठी ते मालकांशी लेखी करार करीत. १८५२ सालचा एका सुताराबरोबरचा करार प्रसिद्ध आहे. मुलगा चुकला तर मालकाने त्याला शब्दांनीच समजवावे, ताकदीबाहेरचे काम देऊ नये, रविवार मोकळा ठेवावा, आणि मुलानेही आज्ञाधारकपणे व आदराने वागावे, असे त्यात ठरले. त्यावर फादर बॉस्को आणि मालक ह्यांच्याबरोबर त्या मुलाचीही सही आहे. पोराला सही करायला लावणे म्हणजे त्याला माणूस म्हणून मोजणे. त्या काळात मालकाची थप्पड हीच शिकवण मानली जाई, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या कागदाचे मोल कळते.

मुलगा-मुलगी ह्यांच्या मैत्रीबद्दल तयार उत्तर मात्र त्यांच्याकडे शोधू नये. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुले वेगळी, मुली वेगळ्या. मुलींसाठी त्यांनी १८७२ साली मारिया माझ्झारेल्लो ह्यांच्या साथीने धर्मभगिनींची संस्था स्थापन केली. आजचे प्रश्न आपल्यालाच सोडवावे लागणार आहेत.

म्हातारपणी, १८८४ च्या मे महिन्यात, त्यांनी रोमहून वाल्दोक्कोला एक पत्र पाठवले. संस्था मोठी झाली होती, पण शिक्षक मैदानाच्या कडेला आपापसात गप्पा मारत उभे राहू लागले होते. मुले अबोल झाली होती. मुलांवर नुसते प्रेम असून भागत नाही, ते त्यांना जाणवले पाहिजे, असे त्यांनी कळवले आणि पुन्हा खेळात उतरायला सांगितले. चार वर्षांनी, १८८८ साली, ते देवाघरी गेले.

आमच्याकडे रविवारी धर्मशिक्षण वर्ग सुटल्यावर मुले चर्चच्या मैदानात खेळतात. आम्ही पालक तेव्हा फाटकाबाहेर गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवत असतो.