वेगदेवतेचा निर्धन पुजारी

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकारगिल नावाचे एक शांत शहर आहे. तेथील एका छोट्या शेडमध्ये भिंतीला फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर फुटलेले पिस्टन, तुटलेले कनेक्टिंग रॉड, चिरा गेलेले सिलिंडर ओळीने मांडलेले होते. कोणताही मेकॅनिक ज्या वस्तू भंगारवाल्याच्या तराजूत टाकून मोकळा होईल, त्या येथे जपून ठेवल्या होत्या. हे सारे वेगदेवतेला वाहिलेले नैवेद्य आहेत, अशा अर्थाची ओळही त्या फळीवर रंगवलेली होती. फळीचा मालक त्याच शेडमध्ये राहत असे, तेथेच झोपत असे आणि तेथेच एक जुनी मोटारसायकल पुन्हा पुन्हा नव्याने घडवत असे. त्याचे नाव बर्ट मन्रो.

१९६७ साली वयाच्या ६८ व्या वर्षी मन्रो यांनी अमेरिकेतील मिठाच्या मैदानावर आपल्या गटातील वेगाचा विक्रम केला. त्यांची गाडी तेव्हा ४७ वर्षांची होती. २००५ साली त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटात अँथनी हॉपकिन्स यांनी त्यांची भूमिका केली आणि हे नाव जगभर पोहोचले. तथापि तो विक्रम कशातून उभा राहिला, हे समजून घ्यायचे तर त्या फळीपासूनच सुरुवात करावी लागते.

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी झाला. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच दगावली. हे मूलही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले होते. मूल जगले आणि इन्व्हरकारगिलच्या पूर्वेस असलेल्या एडनडेल येथील शेतावर वाढले. वडिलांचा विरोध न जुमानता घरातील सर्वांत चपळ घोड्यावरून शेतभर भरधाव फिरणे हा त्यांचा लहानपणीचा छंद होता. पुढे मोटारी, मोटारसायकली आणि विमाने आली, आणि शेताच्या कुंपणापलीकडे एक वेगवान जग आहे याची जाणीव या मुलाला झाली. पहिल्या महायुद्धात जाऊन जग पाहावे असे मनात होते. पण शेती सुटली नाही. वडिलांनी शेत विकल्यावर काही काळ त्यांनी ओटिरा बोगद्याच्या कामावर मजुरी केली. वडिलांनी नवे शेत घेताच त्यांना पुन्हा माघारी बोलावण्यात आले.

१९२० साली त्यांनी ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल विकत घेतली. या नावाचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील कंपनीने तेथील मूळ रहिवाशांवरून आपल्या गाड्यांना हे नाव दिले होते. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने आखलेल्या या गाडीचे इंजिन दोन सिलिंडरांचे आणि सुमारे ६०० सीसीचे होते. तिचा सर्वाधिक वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर होता. त्या काळी तो कमी नव्हता. मन्रो यांना मात्र तो पुरेसा वाटला नाही. १९२६ पासून त्यांनी गाडी खोलण्यास प्रारंभ केला, आणि ती खोलणे-जोडणे पुढे जवळपास अर्धे शतक चालू राहिले.

शर्यतींतून उत्पन्न मिळवण्याचा प्रयत्न त्यांनी केला. परंतु जागतिक मंदी आली आणि त्यांना घराकडे परतावे लागले. पुढे त्यांनी मोटारसायकलींचा विक्रेता व मेकॅनिक म्हणून नोकरी धरली. दिवसा दुकानातील काम आणि रात्री स्वतःच्या गाडीचे काम, असा त्यांचा क्रम असे. पैसा जेमतेम होता. विशेष पिस्टन मागवावा किंवा कारखान्यातून खास सिलिंडर करून घ्यावा, अशी ऐपत नव्हती. मग त्यांनी ते स्वतःच घडवायचे ठरवले.

या ठरवण्याचा अर्थ यंत्रकाम करणाऱ्यालाच नीट उमगेल. पिस्टन घडवणे म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणे एवढेच नव्हे. चालत्या इंजिनात पिस्टन तापतो आणि फुगतो. सिलिंडरच्या भिंतीपासूनचे अंतर केसभर कमी पडले, तर तो जागीच जाम होतो. केसभर अधिक झाले, तर जळत्या वायूचा दाब बाजूने निसटतो आणि ताकद वाया जाते. मन्रो यांनी रिकामे डबे साचे म्हणून वापरून भाग ओतले. मोजमापासाठी मायक्रोमीटर घेण्याऐवजी चाकाच्या जुन्या आरीचे साधन बनवले. पिस्टनचा जोर फिरत्या दांड्यापर्यंत नेणारे कनेक्टिंग रॉड त्यांनी जुन्या ट्रॅक्टरच्या आसातून हाताने कोरून काढले आणि स्वतःच त्यांना पाणी देऊन टणक केले.

स्काउटच्या मूळ रचनेत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. त्या रचनेत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण वळणे घेत आत शिरते आणि ताकदीला मर्यादा पडते. मन्रो यांनी व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर आणले. ते उघडझाप करणाऱ्या कॅमची रचना बदलून दोनाचे चार कॅम केले. फ्लायव्हील आणि तेल पुरवण्याची व्यवस्था नव्याने केली, क्लच वाढीव जोर सोसेल असा बनवला आणि तीन साखळ्या बसवल्या. ६०० सीसीचे इंजिन वाढत वाढत ९५० सीसीपर्यंत गेले. प्रत्येक बदल आधी कोठेतरी मोडत असे. मोडलेला भाग फळीवर जाई. तो का मोडला याचा विचार होई आणि पुढचा भाग थोडा वेगळा घडवला जाई.

घराजवळचा ओरेटीचा लांबलचक समुद्रकिनारा ही त्यांची प्रयोगशाळा होती. ओहोटीनंतरच्या घट्ट वाळूवर ते गाडी पळवीत. १९४० मध्ये त्यांनी ताशी १२० मैलांच्या वर वेग गाठला आणि १९५७ मध्ये १३१ मैल, म्हणजे सुमारे २११ किलोमीटर. न्यूझीलंडमधील विक्रम त्यांच्या नावावर जमा होऊ लागले.

या साधनेची किंमत एकट्या मन्रो यांनी मोजली नाही. त्यांना पत्नी होती, चार मुले होती. रात्रीमागून रात्री शेडमध्ये घालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला संसाराचा थोडाच वेळ येतो. १९४७ मध्ये घटस्फोट झाला. त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली, शेडमध्येच बिछाना टाकला आणि उरलेले आयुष्य या एका कामाला दिले. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करताना ही दुसरी बाजू नजरेआड करणे योग्य ठरणार नाही.

याच सुमारास महासागरापलीकडे अमेरिकेत अशाच वेडाने एका पिढीला झपाटले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड मोटारी स्वस्तात घेत, मडगार्ड आणि इतर जड भाग काढून टाकत, इंजिनाची ताकद वाढवत आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या पळवत. अशा घरगुती गाड्यांना ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. १९४९ मध्ये या मंडळींच्या संघटनेने युटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर वेगाचा सप्ताह सुरू केला. हिमयुगातील एका प्रचंड तळ्याचा हा अवशेष. हिवाळ्यात त्यावर पाणी साचते, उन्हाळ्यात ते आटते आणि मैलोन्‌मैल पांढरी, सपाट भूमी उरते. मात्र त्या तरुणांच्या हाताशी भंगाराचे मोठे अड्डे होते आणि वेगवान गाड्यांचे भाग विकणारी दुकानेही होती. मन्रो यांच्याजवळ त्यांपैकी काहीच नव्हते. १९५३ मध्ये स्प्रिंगफील्डच्या कंपनीतील उत्पादनही थांबले होते.

पन्नाशी उलटलेले मन्रो प्रथम बॉनव्हिलला गेले ते केवळ पाहण्यासाठी. पन्नाशीच्या अखेरीस हृदयविकाराने त्यांना गाठले होते. तरीही १९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, पैसे जमवून ते गाडीसह समुद्रमार्गे अमेरिकेत पोहोचले. मैदानावरील नामवंतांपैकी रॉली फ्री यांनी या परक्या म्हाताऱ्याला मदतीचा हात दिला. १९४८ मध्ये याच मैदानावर पोहण्याच्या कपड्यांत मोटारसायकलवर आडवे होऊन ताशी १५० मैलांचा वेग ओलांडणारे ते हेच फ्री. माशासारख्या निमुळत्या कवचात शिरून मन्रो यांनी त्या वर्षी ८८३ सीसी गटात ताशी १७८.९५ मैल, म्हणजे सुमारे २८८ किलोमीटरचा विक्रम केला. इंजिन तेव्हा ८५० सीसीचे होते.

एकूण दहा वेळा ते बॉनव्हिलला गेले. त्यांपैकी नऊ वेळा शर्यतीसाठी. १९६६ मध्ये १००० सीसी गटातील विक्रम त्यांच्या नावे लागला. १९६७ ची खेप मात्र जिवावर बेतणारी होती. भरवेगात असताना गाडी डोलू लागली. वेग कमी करण्यासाठी ते कवचातून वर उठले, तर वाऱ्याच्या झोताने त्यांचा चष्मा उडवून नेला आणि डोळ्यांपुढे काहीच दिसेनासे झाले. मार्गदर्शक रेषेपासून गाडी इतकी दूर गेली होती की एक पोलादी खुंटा काही इंचांनी चुकला. शेवटी त्यांनी गाडी जाणूनबुजून आडवी पाडली. खरचटण्यावर निभावले.

त्याच वर्षी पात्रता फेरीत त्यांनी एका दिशेने ताशी १९०.०७ मैल, म्हणजे जवळपास ३०६ किलोमीटरचा वेग नोंदवला. विक्रमासाठी दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी धरली जाते, जेणेकरून वाऱ्याचा फायदा कोणाला मिळू नये. ती सरासरी १८३.५८६ मैल म्हणून नोंदली गेली. एका गरीब मेकॅनिकने घरी घडवलेल्या इंजिनाने मूळ गाडीच्या तिपटीहून अधिक वेग गाठला होता.

पुढे प्रकृती साथ देईनाशी झाली. १९७७ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावर, आता गाडीवर बसणे शक्य नाही हे त्यांनी ओळखले. आपल्या गाड्या आपल्याच प्रदेशात राहाव्यात म्हणून त्या त्यांनी इन्व्हरकारगिलमधील एका व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. २००६ मध्ये अमेरिकेतील मोटारसायकल संघटनेने आपल्या सन्मान दालनात त्यांना स्थान दिले.

त्यानंतरही एक हिशेब बाकी होता. १९६७ च्या त्या दोन धावांची सरासरी काढताना संघटनेकडून आकडेमोडीत चूक झाली होती. ती त्यांच्या मुलाच्या लक्षात आली. २०१४ मध्ये, मन्रो यांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, संघटनेने चूक मान्य केली आणि विक्रम ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर असा दुरुस्त केला. फरक अवघ्या अर्ध्या मैलाचा होता. ज्या शेडने वडिलांना घरापासून तोडले, त्याच शेडमध्ये घडलेल्या गाडीचे अर्धा मैल मुलाने वडिलांच्या खात्यात परत जमा केले.