दाढेची चीर आणि डॉ. ब्लॅक

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

थोरांची चरित्रे म्हटली की डोळ्यांसमोर सेनापती, समाजसुधारक किंवा कवी उभे राहतात. दातांच्या डॉक्टरावर वार्षिकांकात लेख पाहून वाचक मित्र हसतील, याची मला कल्पना आहे. हसताना दात दिसतातच. तेव्हा हसत हसत वाचावे.

ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांचा जन्म ३ ऑगस्ट १८३६ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, विंचेस्टर गावाजवळच्या एका शेतावर झाला. शाळेत त्यांचे मन रमले नाही. रानात भटकणे त्यांना अधिक प्रिय. सतराव्या वर्षी ते डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाच्या हाताखाली वैद्यक शिकू लागले. १८५७ साली एका दंतवैद्याकडे काही आठवडे काढले आणि तेवढ्या शिदोरीवर विंचेस्टरला स्वतःचा दवाखाना थाटला. दंतवैद्यकाची मानाची पदवी त्यांना पुष्कळ वर्षांनी मिळाली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे वडील गवंडी. त्यांनीही आपले काम असेच दुसऱ्याच्या हाताखाली विटा देता देता उचलले. म्हणून ब्लॅक मला परके वाटत नाहीत.

अमेरिकेतील यादवी युद्धात ते सैन्यात गेले. परत आल्यावर १८६४ पासून जॅक्सनव्हिल येथे व्यवसाय केला. दिवसा रुग्ण आणि उरलेल्या वेळात रसायनशास्त्र, सूक्ष्मदर्शक व प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. शिलाई यंत्राप्रमाणे पायाने चालणारे दात कोरण्याचे यंत्रही त्यांनी बनवले.

त्या काळी दात दुखला की उपटणे हाच सोपा इलाज होता. भरण्यासाठी चांदी, कथील इत्यादींचा कीस पाऱ्यात कालवून लगदा करीत, परंतु या लगद्याचा भरवसा नसे. तो आकसला तर कडेला फट राहून दात पुन्हा किडे. फुगला तर उरलेल्या पातळ भिंतीवर ताण येई. गवंड्याच्या मुलीला हे समजावून सांगावे लागत नाही. ब्लॅक यांनी हे आकसणे-फुगणे मोजण्यासाठी सूक्ष्म मापनाची उपकरणे स्वतः तयार केली. माणूस दाढांनी किती जोराने चावतो, हे मोजणारे साधनही वापरले. हा जोर शंभर पौंडांहूनही अधिक भरतो! १८९५ च्या सुमारास त्यांनी मिश्रधातूचे असे प्रमाण सांगितले, की पुढे कित्येक दशके दंतवैद्य त्याच पायावर काम करीत राहिले.

दाताचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, बारीक दांड्यांचे बनलेले असते. लाकूड रेषेत फुटते तसे तेही त्या दांड्यांच्या दिशेने फुटते. खालचा आधार गेलेले कवच ठेवू नये, ते चावण्याच्या जोराने तुटणारच, हे ब्लॅक यांनी पद्धतशीरपणे शिकवले.

याचे महत्त्व मला आईच्या दाढेमुळे कळले. फुटाणे खाताना तिच्या दाढेत कळ येई, गार पाण्याने ठणका लागे. पण कीड दिसेना. क्ष-किरण चित्र काढले, तेही स्वच्छ. एका दवाखान्यात, सगळे मनाचे खेळ आहेत, असे ऐकून ती परत आली. चीर पुष्कळदा दाढेच्या मधून पुढून मागे जाते आणि समोरून काढलेल्या चित्रात उमटत नाही, हे तिला कोण सांगणार? वर्षभराने दुसऱ्या एका डॉक्टरांनी दाढेच्या एकेका टोकावर लहानशी कांडी ठेवून तिला चावायला सांगितले. चावताना नव्हे, तर दाब सोडताना आई कळवळली. भेगेचे हेच लक्षण. मग बाजूने प्रकाश टाकल्यावर चीर दिसली. प्रकाश तिथपर्यंत येऊन अडत होता. या दुखण्याला इंग्रजीत स्वतंत्र नाव कॅमेरॉन यांनी १९६४ साली दिले. आईच्या दाढेवर टोपी बसवली. दोन्ही भाग एकत्र बांधले गेले आणि दुखणे थांबले. आतली नस बिघडली असती तर तिच्यावरही उपचार करावे लागले असते. आणि चीर मुळापर्यंत उतरून दाढ दुभंगली असती, तर मात्र ती काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. वडील म्हणाले, भिंतीचा तडा वरून लिंपून भागत नाही हे त्यांना ठाऊक होते, दाढेचेही तसेच निघाले.

ब्लॅक यांचे सारेच टिकले असे मात्र नाही. पुन्हा कीड लागू नये म्हणून शेजारचा निरोगी भागही कोरून घ्यावा, असा त्यांचा नियम होता. त्या काळच्या साहित्याला तो शोभलाही असेल. परंतु जितके जास्त कोरावे तितका दात कमकुवत होतो आणि चिरण्याचा धोका वाढतो. १९५५ साली ब्युओनोकोर यांनी इनॅमलवर आम्ल लावून राळेसारखे द्रव्य चिकटवण्याची रीत दाखवली, आणि पुढे कमी कोरण्याकडे कल झाला. या नियमाने काही धडधाकट दाढा दुबळ्या झाल्या असतील, असे मला वाटते. मात्र त्या काळी भरण दाताला चिकटत नसे. ते अडकून बसावे म्हणून खाच करावीच लागे, हेही ध्यानात घ्यायला हवे.

१८९७ साली ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाळेचे अधिष्ठाता झाले, ते अखेरपर्यंत. शाळेत न रमलेल्या मुलाच्या हाती आता शाळाच आली! १९०८ साली त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. कीड दाताच्या कोणत्या भागात आहे यावरून त्यांनी केलेले वर्ग आजही विद्यार्थी शिकतात.

सत्तरी ओलांडल्यावर, १९०९ साली, कोलोराडोतील तरुण दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांच्या विनंतीवरून ते एका नव्या कोड्यात शिरले. तिकडच्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग असत आणि कारण कोणालाच उमगत नव्हते. ब्लॅक यांनी ते दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. उत्तर हाती येण्यापूर्वीच ३१ ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. मॅके यांनी शोध सोडला नाही. १९३१ साली कारण सापडले: पिण्याच्या पाण्यातील जादा फ्लोराइड. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यातही ते आढळते, आणि तिथल्या मुलांच्या दातांवर तेच तपकिरी डाग दिसतात.