२३ वर्षांच्या पोराने थेट मॅक्सवेलवर शंका घेतली, त्यातूनच पुढे स्पीड मोजणारा सेन्सर आला

मोटर मिनिटाला किती फेरे घेतेय, हे मशीनला कळतं कसं? बऱ्याच ठिकाणी हे काम हॉल सेन्सर करतो. हॉल म्हणजे मोठी खोली नाही, तर एडविन हॉल नावाचा माणूस.

त्याचा जन्म १८५५ चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. कॉलेज संपल्यावर त्याने दोन वर्षं मास्तरकी केली आणि १८७७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फिजिक्स शिकायला आला.

तिथे मॅक्सवेल यांचं पुस्तक वाचताना गाडी अडली. चुंबकाजवळ वीज वाहणारी तार धरली की तार ढकलली जाते. मॅक्सवेल यांच्या मते हा धक्का तारेला बसतो, आतल्या प्रवाहाला नाही. हॉलला ते पटेना. पण मॅक्सवेल म्हणजे या विषयातला शेवटचा शब्द! त्याने आपले प्राध्यापक हेन्री रोलंड यांना गाठलं. शंका त्यांनाही होती, पण त्यांचा प्रयोग फसला होता.

हॉलचाही पहिला प्रयत्न फसला. मग रोलंड यांनी सुचवलं, जाड पत्र्याऐवजी काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख वापर. ऑक्टोबर १८७९ मध्ये हॉलने तो वर्ख चुंबकात ठेवून त्यातून प्रवाह सोडला आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला. चुंबक प्रवाहालाच एका बाजूला ढकलत होता, म्हणून वर्खाच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज तयार झालं होतं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा १८ वर्षं बाकी होती. पुढच्याच महिन्यात, ५ नोव्हेंबरला, मॅक्सवेल वारले.

हॉलने पुढची ४० वर्षं हार्वर्डमध्ये शिकवलं. १९३८ मध्ये तो गेला, तोवर या शोधाचा फारसा वापर झालाच नव्हता. कारण धातूत हे व्होल्टेज अगदी किरकोळ असतं. नंतर सेमीकंडक्टर आले, ते भरपूर वाढलं आणि सेन्सर तयार झाला.

आता फिरत्या भागाचा वेग मोजायला दुसरा पर्याय आहे कॉइलचा. त्याला बाहेरून वीज लागत नाही, तो उष्णताही चांगली सोसतो. पण चुंबकक्षेत्र बदलत असेल तरच तो सिग्नल देतो, त्यामुळे वेग कमी झाला की सिग्नलही मरतो. हॉल सेन्सर फक्त समोर चुंबक आहे की नाही एवढंच बघतो. म्हणून चाक थांबायच्या बेताला आलं तरी त्याची मोजणी चुकत नाही.

म्हणजे गरम आणि कायम वेगात फिरणारं मशीन असेल तर कॉइल, आणि शून्यापासून वेग मोजायचा असेल तर हॉल!